गणित घेतलंय, आता काम कुठे बघायचं? इंदूरच्या पोरापोरींसाठी

दरवर्षी गणपतीत आमच्या राजेंद्र नगरला आरती आटोपली की एखादी काकू आपल्या पोरीला घेऊन माझ्यापर्यंत येतेच. "हिने मॅथ्स घेतलंय रे, आता पुढे काय, टीचरच ना?" पोरगी बिचारी प्रसादाचा द्रोण धरून जमिनीकडे बघत उभी. काकूंचं तरी काय चुकलं, त्यांनी गणितावर पोट भरणारी माणसं बघितली ती दोनच, एक शाळेतले सर आणि दुसरे क्लासवाले सर. डॉक्टरच्या दारावर डॉक्टर लिहिलेलं असतं, वकिलाच्या दारावर वकील, गणितवाल्याच्या दारावर काहीच नसतं. तो आत कुठल्यातरी टेबलावर प्लॅनिंग, रिस्क, क्वालिटी, एमआयएस असल्या नावाखाली बसलेला असतो.

म्हणून माझी पद्धत एका प्रश्नावर चालते. बँकेत जा, कारखान्यात जा, मंडीत जा, मोठ्या दवाखान्यात जा, आणि कुणीतरी बोलायच्या मूडमध्ये सापडलं की विचारा, "इथे आकडे कोण बघतं?" गणिताची नोकरी आहे का असं विचारलंत तर समोरचा नाहीच म्हणेल, कारण त्याला टीचर आठवतो. पण आकडे कोण बघतं म्हटलं की लगेच बोट दाखवेल, तो बघा, कोपऱ्यात बसतो तो, महिनाअखेरीला कुणाशी बोलत नाही. तुम्हाला भेटायचंय ते त्यालाच.

मी स्वतः होळकर कॉलेजातनं बीएस्सी केलं, मग युनिव्हर्सिटीतनं स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी, आणि आता देवास नाक्याकडे एका माल वाहतुकीच्या कंपनीत गाड्यांचं प्लॅनिंग बघतो. घरच्यांना अजून वाटतं मी ट्रान्सपोर्टमध्ये क्लार्क आहे. असो.

शहरातच बघा आधी

पहिलं उदाहरण रोज सकाळी दारात येतं. कचऱ्याची गाडी. २०१७ पासून स्वच्छतेत आपला पहिला नंबर हे सगळे छाती फुगवून सांगतात, पण ८५ वॉर्डांतल्या गल्लीन् गल्लीत गाडी रोज कशी पोचते ह्याचा विचार कितीजण करतात? गाडीला प्रत्येक गल्लीतनं जायचंय, परत निघाल्या जागी यायचंय, आणि एकाच गल्लीत दोनदा शिरलं की डिझेल फुकट. ह्या प्रश्नाला गणितात पोस्टमनचा प्रश्न म्हणतात, क्वान मेई-को नावाच्या चिनी गणितीने १९६० मध्ये तो मांडला, आणि त्याचं मूळ ऑयलरच्या १७३६ च्या कोड्यात आहे, सात पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरता येईल का. युक्ती अशी की प्रत्येक चौकात किती रस्ते मिळतात ते मोजायचं. सगळीकडे सम संख्या आली, दोन, चार, तर एकही गल्ली दोनदा न करता फेरी पूर्ण होते. तीन रस्त्यांचा तिठा किंवा बंद गल्लीचं टोक आलं की विषम, आणि अशा विषम जागांच्या जोड्या लावून मधले रस्ते दोनदा करावे लागतात, मग कुठल्या जोड्या लावल्या तर जादाचं अंतर सगळ्यात कमी होईल, हाच खरा हिशोब. कागदावर आपल्या कॉलनीचा नकाशा काढा आणि करून बघा, एक रविवार पुरतो. माल वाहतुकीत आम्ही करतो ते ह्याचंच चुलत भावंड आहे, तिथे सगळ्या गल्ल्या नाही तर ठराविक दुकानं गाठायची असतात, डॅन्झिग आणि रॅम्सर ह्या दोघांनी १९५९ साली पेट्रोलच्या टँकरांसाठी तो प्रश्न लिहिला होता.

दुसरं, सोयाबीन. माळव्यात राहून सोयाबीनचा भाव माहीत नाही म्हणजे कमालच. सोया प्रोसेसर्स असोसिएशनचं मुख्य ऑफिस आपल्या इंदूरला आहे, दर खरिपात पीक किती येणार ह्याचा अंदाज ते काढतात. सगळ्या देशातली शेतं कुणी मोजत नाही हो, थोडी निवडायची, तिथलं पीक कापून वजन करायचं आणि त्यावरनं सगळ्याचा अंदाज बांधायचा. ती थोडी शेतं निवडायची कशी, इथे स्टॅटिस्टिक्स शिरतं. आणि हे जे पीक कापणीचे प्रयोग आहेत ना, त्यांना भारतात शास्त्रशुद्ध रूप देणाऱ्यांत एक मराठी माणूस आहे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत स्टॅटिस्टिक्स विभागाचे प्रमुख झाले. पीक विमा कित्येक वर्षं ह्याच प्रयोगांवर चालत आलाय. म्हणजे शेतकऱ्याच्या खात्यात भरपाई किती पडणार हे एका सँपलवर ठरत आलंय, आणि ते सँपल नीट घेतलंय का हे कळणारी माणसं सरकारला पण लागतात आणि विमा कंपन्यांना पण.

तिसरं पीथमपूर. गाड्यांचे कारखाने, औषधांचे कारखाने, आणि प्रत्येकात क्वालिटीचं एक खातं असतंच. तिथे भिंतीवर जे वरखाली जाणाऱ्या रेषांचे चार्ट लावलेले असतात ते कंट्रोल चार्ट, काम नेहमीसारखं चाललंय का ते दाखवणारे, १९२४ साली शुहार्ट नावाच्या माणसाने पहिला काढला, आणि शंभर वर्षं झाली तरी चालतोय. बीएस्सीला नॉर्मल डिस्ट्रिब्यूशन घोकलं असेल तर त्या चार्टच्या वरच्या-खालच्या रेषा कुठून आल्या हे तुम्हाला दहा मिनिटांत समजेल, जे तिथल्या अर्ध्या लोकांना माहीत नसतं, ते फक्त ठिपका बाहेर गेला की बोंब मारतात.

बँका, फायनान्स कंपन्या, सुपर कॉरिडॉरवरचे आयटीवाले, विजय नगरचे छोटे डेटावाले, ह्यांच्याबद्दल वेगळं सांगत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे आणि सगळी गर्दी तिकडेच आहे.

तुम्हाला कुठलं गणित आवडतं ते तपासा

गणित आवडतं हे वाक्य फार ढोबळ आहे. माझ्या वर्गात चार मित्र होतो आणि चौघांना चार वेगळ्या गोष्टी आवडायच्या. एकाला प्रूफ पूर्ण होईपर्यंत जेवण जायचं नाही, त्याला उत्तर कुठे वापरतात ह्याच्याशी देणंघेणं नव्हतं, तो आता पीएचडी करतोय. एकीला समजावून सांगायला आवडायचं, परीक्षेच्या आदल्या रात्री अर्धं हॉस्टेल तिच्या खोलीत. एकाला कॉम्प्युटरकडून गणित करून घ्यायला. आणि मला घोळ निस्तरायला आवडायचं, म्हणजे कुणीतरी गचाळ आकडे द्यावेत आणि मी त्यातनं काय चाललंय ते शोधावं.

तुम्ही कुठले, हे डोळे मिटून विचार करून कळत नाही, करून बघावं लागतं. प्रूफवाले वाटत असाल तर एनबीएचएम ह्या गणिताच्या सरकारी मंडळाच्या मदतीने चालणारा एमटीटीएस नावाचा उन्हाळी कार्यक्रम आहे, १९९३ पासून चालू, चार आठवडे नुसतं गणित, तिथे पाठांतरवाल्यांचं काही चालत नाही, सर फळ्याशी उभं करून का, का, का विचारत बसतात. चार आठवड्यांनी एकतर प्रेमात पडाल नाहीतर कळेल की हे आपलं काम नव्हे, दोन्ही फायद्याचंच. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असाल तर माधव मॅथेमॅटिक्स कॉम्पिटिशनचे जुने पेपर काढून बसा. सायन्स अकॅडमींची समर फेलोशिप असते, दोन महिने खऱ्या संशोधकाबरोबर, तिचे अर्ज हिवाळ्याच्या आधीच निघतात, आणि आपल्याकडची मुलं मार्च-एप्रिलमध्ये जागी होतात, तोवर सगळं संपलेलं.

ज्यांना बारावीत बोर्डात वरच्या एक टक्क्यात मार्क आहेत आणि बेसिक सायन्सच्या पदवीला गेलेत त्यांनी इन्स्पायर स्कॉलरशिप सोडू नका, वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले २०,००० उन्हाळ्यात एखाद्या मार्गदर्शकाकडे प्रोजेक्ट करायचे. म्हणजे सरकारच तुम्हाला अनुभव घ्यायला पैसे देतंय. ह्याच निमित्ताने सिमरोलच्या आयआयटीतल्या किंवा खंडवा रोडवरच्या आपल्या युनिव्हर्सिटीतल्या सरांना विचारायला तोंड मिळतं.

शिकवणं आवडत असेल तर ते काम कमी समजू नका प्लीज. देवळालीचे कापरेकर शाळेत मास्तर होते, आयुष्यभर मास्तरच राहिले, आणि ६१७४ ह्या आकड्याला जगभर त्यांच्या नावाने ओळखतात. तुम्हाला अनुभव हवा असेल तर भंवरकुआंला ढिगाने कोचिंग आहेत, डाउट सोडवणारे, टेस्ट पेपर तपासणारे, उत्तरं टाइप करणारे त्यांना सतत लागतात. एक सीझन करा. पण दिवसाचे किती तास आणि पैसे कधी, हे आधी व्हॉट्सअपवर लिहून घ्या, तोंडी ठरलेलं तिथे टिकत नाही.

परीक्षेच्या वाटा, ज्यांची अट आधीच वाचायला हवी

काही गणिती नोकऱ्यांना ठरलेली वाट आहे, तिथे ओळखी-बिळखी लागत नाहीत, पण अटी मात्र भयंकर बारीक असतात आणि लोक त्या तिसऱ्या वर्षाला वाचतात.

सगळ्यात जास्त पोरं जिथे आपटतात ती म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस. यूपीएससी घेते, वय २१ ते ३०, क्लास वन नोकरी. पण पदवीला स्टॅटिस्टिक्स हा विषय हवा, किंवा मग मास्टर्स तरी त्यातलं हवं. नुसतं फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सवाल्याला फॉर्मच भरता येत नाही! माझ्या एका ज्युनिअरने वर्षभर अभ्यास करून मग ही अट वाचली, त्याचं तोंड मी अजून विसरलो नाही. म्हणून आत्ता बारावीत किंवा पहिल्या वर्षाला असाल आणि कॉलेजात स्टॅटचा ऑप्शन मिळत असेल तर घ्याच. त्याच खात्यात खालच्या पायरीवर ज्युनिअर स्टॅटिस्टिकल ऑफिसर असतो, तो एसएससी सीजीएल ह्या पदवीधरांच्या सरकारी भरती परीक्षेतनं, तिथे कुठलीही पदवी आणि बारावीला गणितात ६० टक्के असले तरी चालतं. रिझर्व्ह बँकेतही स्टॅटिस्टिक्सचं वेगळं खातं आहे, त्यांची ग्रेड बीची वेगळी भरती निघते, तिला मास्टर्स लागतं.

ॲक्च्युअरी हे नाव आजकाल रील्सवर फार चालतं, पगाराचे आकडे बघून. विमा कंपनीने आज किती हप्ता घ्यायचा म्हणजे तीस वर्षांनी क्लेम द्यायला पैसे उरतील, हा हिशोब करणारा माणूस तो. २००६ च्या कायद्याने नवी मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज हे सगळं बघते, बारावी पास झालेल्याला तिची प्रवेश परीक्षा देता येते, तिला एसेट म्हणतात. त्यापुढे मात्र एकेक पेपर काढत जायचं असतं आणि त्यात वर्षं जातात, नोकरी करत करत, लग्नकार्य सांभाळत. माझं मत विचाराल तर प्रवेश परीक्षा आणि पहिले एक-दोन पेपर कॉलेजात असतानाच द्या, निघाले तर पुढे, नाही निघाले तर जे प्रॉबॅबिलिटी शिकलात ते कुठे जात नाही. आणि हे पण ऐका, ह्या नोकऱ्या बहुतेक मुंबई, पुणे, गुडगाव, बंगलोरला, इंदूर सोडायची तयारी हवी. सकाळी पोहे-जलेबीशिवाय दिवस उगवत नसेल तर विचार करा.

पुढे शिकायचं असेल तर एमएस्सीला जॅम ही प्रवेश परीक्षा, त्यात मॅथेमॅटिक्स आणि मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स असे दोन वेगळे पेपर, परीक्षा फेब्रुवारीत. बारावीवाल्यांसाठी कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३१ ला काढलेली, आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, म्हणजे सीएमआय. दोघांच्या प्रवेश परीक्षा पूर्णपणे जेईईसारख्या नसतात, लिहायच्या भागात त्यांना उत्तराबरोबर तुम्ही ते कसं लिहिलं तेही बघायचं असतं.

अनुभव मागायच्या आधी हातात काहीतरी ठेवा

आता मुद्द्याचं. मी दुसऱ्या वर्षाला असताना चाळीस कंपन्यांना एकच मेल पाठवला होता, आय ॲम अ हार्डवर्किंग स्टुडंट वगैरे, नाव बदलून. एकाचंही उत्तर नाही. आज मी त्या खुर्चीवर बसलोय आणि मला पण तसले मेल येतात, आणि खरं सांगतो, मी पण उत्तर देत नाही, कारण ह्या पोराला काय काम द्यायचं हे मलाच शोधावं लागणार असतं, आणि तेवढा वेळ असता तर मदतीला पोरगा कशाला लागला असता.

त्याउलट एक पोरगा आला होता, त्याने आमच्याच धंद्याचं नाही, सोयाबीनचं एक पान केलेलं होतं. मला ते इतकं आवडलं की मी तेच सगळ्यांना करायला सांगतो. ॲगमार्कनेट नावाची सरकारी साईट आहे, तिथे रोज प्रत्येक मंडीची आवक आणि कमी, जास्त आणि मोडल (ज्या भावाला सगळ्यात जास्त माल गेला तो) असे तीन भाव फुकट मिळतात. इंदूर, उज्जैन, देवास अशा तीन मंड्या घ्या, ऑक्टोबर ते जानेवारी, एक्सेलमध्ये उतरवा. आता मजा. काही दिवस भाव गायब असेल, मंडी बंद की नोंदच नाही केली? कुठे भाव एकदम दसपट, शून्य जास्त पडलाय. हे सगळं निस्तरायला तुमचे दोन रविवार जातील, आणि आकड्यांच्या नोकरीत अर्ध्याच्या वर वेळ ह्यातच जातो, कॉलेजात हे कुणी सांगत नाही, तिथे डेटा अंघोळ करून पावडर लावून आलेला असतो. मग एक साधा प्रश्न घ्या, उदाहरणार्थ २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता, तर किती दिवस मोडल भाव त्याच्या खाली राहिला, कुठल्या मंडीत जास्त? आवक वाढली की भाव किती पडतो? एक ग्राफ, पाच ओळी, आणि कुठल्या नोंदी का टाकल्या त्याच्या दोन ओळी. बस, एक पान. मग ते पान घेऊन लक्ष्मीबाई नगरच्या मंडीत एखाद्या आडत्याकडे किंवा मुनीमजींकडे जा आणि दाखवा. ते तुम्हाला सांगतील की बेटा, हा भाव पडलाय तो आवकेने नाही, त्या आठवड्यात मालात ओल होती. हे ॲगमार्कनेटवर नसतं.

एक्सेल नीट यायला हवं, पिव्होट टेबल, लुकअप, तारखांचे घोळ. त्यानंतर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधनं आकडे काढायची भाषा. मग पायथन किंवा आर ह्यातली एक प्रोग्रॅमिंगची भाषा, दोन्हींच्या मागे लागू नका. आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएल साईटवर कोर्स फुकट बघता येतात, परीक्षा द्यायची असेल तरच पैसे. दहा सर्टिफिकेटं जमवणारी पोरं खूप येतात, मी विचारतो, ह्या कोर्सचं सोड, तू स्वतः काय मोजलंस, तर गप्प.

मागायचं कसं

ओळखीतनं मागायला लाजू नका. आपल्या इंदूरची मराठी मंडळी एकमेकांना कुठे ना कुठे भेटतेच, सानंदच्या नाटकाला, रामबागेत कुणाच्या मुंजीत, गणपतीत. कुणाचे काका बँकेत, कुणाची मावशी विम्यात, कुणाचा भाचा पीथमपूरला. वशिला मागायचा नाहीये, दोन दिवस बसू द्या एवढंच मागायचंय. मेसेज छोटा ठेवा, साधारण असा:

"नमस्कार काका, मी राजेंद्र नगरच्या अमुक यांची भाची, बीएस्सी मॅथ्स दुसरं वर्ष. तुमच्या कारखान्यात क्वालिटीचे आकडे कोण बघतं, त्यांना मला अर्धा तास भेटता येईल का? मी मंडीच्या भावांवर एक पान केलंय, सोबत पाठवते. मे महिन्यात तीन आठवडे रिकामी आहे, तुमच्याकडे जुन्या रजिस्टरातलं एक्सेलमध्ये उतरवायचं वगैरे काही पडलेलं काम असेल तर मी करून देईन. नसेल तरी भेटायला आवडेल."

ह्यात काय आहे बघा, कोण, काय येतं, कधी रिकामी, आणि पडलेलं काम. पडलेलं काम हा शब्द जादूचा आहे, प्रत्येक ऑफिसात असं काहीतरी असतंच जे चांगल्या माणसाला द्यायला वेळ नाही आणि टाकवत पण नाही. उत्तर नाही आलं तर आठ दिवसांनी एकदा आठवण करा, तिसऱ्यांदा नको. आणि मार्चमध्ये मागू नका हो, मार्चमध्ये अकाउंटवाला माणूस स्वतःच्या बायकोचा फोन घेत नाही.

भेट ठरली तर कॉलेजकडनं एक पत्र घ्या, कारखान्यात गेटवर लागतं, आणि बीएस्सीला जे प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिपचं खातं भरायचं असतं तिथे पण हेच काम चालून जातं, सरांना आधी विचारून घ्या मात्र. आमच्यावेळी हे नव्हतं, आम्हाला सर म्हणायचे आधी अभ्यास करा.

पैशाचं बोलतो. ह्यात मी स्वतः फसलोय म्हणून जरा जास्त बोलतो. पहिल्या वर्षाला एका ठिकाणी ३,५०० रुपये भरून इंटर्नशिप घेतली होती, डेटा सायन्सची, सहा आठवडे, घरबसल्या. काय मिळालं, तर जुने व्हिडिओ, दोन प्रश्नमंजुषा आणि सोनेरी काठाचं सर्टिफिकेट, त्यावर माझंच नाव चुकलेलं. तुम्ही पैसे देताय म्हणजे तो कोर्स आहे, त्याला कोर्सच म्हणा. बिनपगारी तीन आठवडे शिकायला ठीक आहे, पण तीन महिने रोज आठ तास रिपोर्ट करून घेतायत आणि बसचं भाडं पण देत नाहीत तर नमस्कार करून निघा. पीएम इंटर्नशिप योजनेबद्दल पण लोक विचारतात, ती २०२४ ला निघाली तेव्हा २१ ते २४ वयवाल्यांसाठी होती आणि रोजच्या कॉलेजात शिकणाऱ्यांसाठी नव्हती, आताच्या अटी आधी वाचून घ्या.

आत गेल्यावर

पहिले दोन दिवस तोंड बंद, डोळे उघडे. प्रत्येक आकडा कुठून येतो ते बघा, मशीनवरनं येतो की कुणीतरी शिफ्ट संपताना अंदाजे लिहितो. हे विचारायला नम्र राहा, ज्याने वीस वर्षं ते रजिस्टर लिहिलंय त्याला तुमचं स्टँडर्ड डेव्हिएशन नकोय.

माझी पहिली चूक सांगतो. पीथमपूरला एका ठिकाणी रिजेक्शनचा रिपोर्ट करायला दिला होता. दिवसाच्या शिफ्टला २ टक्के माल बाद, रात्रीच्या शिफ्टला १० टक्के, मी थाटात सरासरी लिहिली, ६ टक्के. साहेबांनी कागद बघितला आणि विचारलं, दिवसा माल किती? १०००. रात्री? ५०. मग बाद किती झाले? २० आणि ५, म्हणजे १०५० मधले २५. अडीच टक्के पण नाहीत. मी बीएस्सीला वेटेड मीनवर पैकीच्या पैकी मार्क घेतलेला पोरगा, आणि टक्क्यांची सरासरी काढून बसलो होतो. साहेब रागावले नाहीत, फक्त म्हणाले, ये ६ परसेंट मालिक देख लेता तो रात की शिफ्ट बंद हो जाती. तेव्हापासून कुठलीही टक्केवारी दिसली की मी आधी खालचा आकडा विचारतो, किती पैकी?

कंपनीचे आकडे घरी आणायचे नाहीत, मित्रांना पाठवायचे नाहीत, स्क्रीनशॉट तर नाहीच. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये काय घालायचं ते विचारून घाला, नाव काढून, आकडे बदलून चालतं. रोज संध्याकाळी वहीत चार ओळी लिहा, आज काय केलं, काय अडलं, कुणी काय सांगितलं. शेवटी सर्टिफिकेटपेक्षा ही वहीच कामाची, कारण मुलाखतीत "तिथे काय केलंस" विचारलं की सगळे "खूप काही शिकायला मिळालं" म्हणतात आणि तुम्ही सांगू शकता की १४ महिन्यांचं रजिस्टर उतरवलं, त्यात अमुक नोंदी दोनदा होत्या, त्या अशा पकडल्या. बायोडाटात पण तसंच लिहा.

अकरावी-बारावीवाल्यांनो, तुम्हाला आत्ता कुणी तीन आठवडे बसवणार नाही, मागू पण नका. अर्ध्या तासाच्या भेटी घ्या, दोन-तीन पुरे. आणि घरचं काहीतरी मोजा, विजेचं बिल, किराणा, आजोबांची शुगर, काहीही.

त्या गणपतीतल्या द्रोणवाल्या पोरीला मी कचऱ्याच्या गाडीचं कोडं दिलं होतं, कॉलनीचा नकाशा काढ आणि विषम चौक मोज. ती चार दिवसांनी आली, २७ आले म्हणाली. मी म्हटलं परत मोज, विषम चौकांची संख्या विषम येऊच शकत नाही, प्रत्येक रस्त्याला दोन टोकं असतात ना, सगळ्या चौकांची बेरीज समच येणार. ती चिडून गेली, आणि दुसऱ्या दिवशी मेसेज आला की एका बंद गल्लीचं टोकच मोजायचं राहिलं होतं, २८. मग तो कागद घेऊन ती एकटीच वॉर्डाच्या सफाई दरोगाकडे गेली. तो आधी हसला, मग चष्मा लावून बराच वेळ बघत बसला, आणि दोन गल्ल्यांवर पेनने फुली मारली, इथे गाडी वळतच नाही, रिव्हर्स यावं लागतं, हे तुझ्या नकाशात नाही. काकूंचा मला रात्री फोन, पोरगी सोमवारी सकाळी साडेसहाला कचऱ्याच्या गाडीत बसून जाणार म्हणतेय, पाठवू का?